ॲग्नेसने आम्हाला दिलेली कॅरॅव्हॅन

मला सवत येणार होती. ॲग्नेसने ती येऊ दिली नाही.

ती ॲग्नेस आज सकाळी वसईत वारली. तिच्या मुलीचा फोन आला. तेव्हापासून हातात काम धरवत नाही, म्हणून इथे लिहायला बसलेय.

ती माझी कोण? नात्यातली नाही, गावातली नाही. ती वसईची ख्रिश्चन, मी कराडकडची. ओळख झाली थेट कतारला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचे हे दोह्याला क्रेन चालवायचे. दोन वर्षांनी एकदा सुट्टी, ती महिन्याची. त्यातही निम्मे दिवस पाहुणेरावळे आणि देवदर्शन.

आणि मूल होत नाही म्हणून बोलणी कुणाला? मला!

सासूबाई सरळ म्हणायच्या, "हिची कूस काय उजवत न्हाई. दुसरी बघाय पायजे."

शेवटी यांनी धीर केला आणि मला महिन्याच्या व्हिसावर बोलावून घेतलं. पण ठेवणार कुठे? यांच्या कॅम्पात एकेका खोलीत आठ-आठ पुरुष. हॉटेल परवडणार नाही.

यांच्या ऑफिसात डॉमनिक होता. त्याची बायको ॲग्नेस, हॉस्पिटलात नर्स. दोह्याबाहेर समुद्राकडेला एक कॅरॅव्हॅनची साइट होती, तिथे ही दोघं राहायची. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. डॉमनिकचा गोरा साहेब जाताना आपली जुनी कॅरॅव्हॅन या दोघांना वापरायला देऊन गेला होता. आजूबाजूला सगळे इंग्रज, डच. एक म्हातारं जर्मन जोडपं तर मोटरहोम चालवत युरोपातून तिथवर आलं होतं. धन्य ती माणसं!

मी पोचले तर ॲग्नेसने आपलं सामान आधीच बाहेर काढलेलं. कॅरॅव्हॅनला बाजूने एक कापडी तंबू जोडलेला असतो, त्यात तिने दोन खाटा टाकल्या होत्या.

"आत तुम्ही झोपायचं, इथे आम्ही," म्हणाली.

"अहो बाई, असं कसं?"

"बाई नको म्हणू गो. ॲग्नेस म्हण. आणि चपला बाहेर काढ, वाळू येते."

आता पुढचं वाचून हसाल. हसा.

कॅरॅव्हॅन फार हलायची. खाली जॅक लावलेले, तरी आत कुणी कूस बदलली की कुरकुर सुरू. आणि हातभर अंतरावर कापडापलीकडे ॲग्नेस आणि डॉमनिक!

आम्ही दोघं लाजून चूर. रात्री पाठीला पाठ लावून, श्वास धरून पडायचो. चार दिवस हेच.

पाचव्या दिवशी नळावर भांडी घासताना ॲग्नेस म्हणाली, "सुमन, एक विचारू? कॅरॅव्हॅन हलत का नाही गो?"

"हलेल कशी? आम्ही हलतच नाही."

तिने साबणाच्या हातानेच कपाळ बडवलं. "मग तू काय दोहा बघायला आलीस? डॉमनिक! यल्ला, चल, तंबू सोड!"

दोघांनी भर उन्हात तो तंबू सोडवला आणि साइटच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठोकला. जर्मन बाईला वाटलं, आमचं जोरदार भांडण झालं. बिचारी केक घेऊन समजूत काढायला आली.

ॲग्नेसने यांनाही दम भरला. "ओव्हरटाइम खलास. सहाला घरी."

हे मुकाट सहाला यायला लागले. यांना भेंडी अजिबात आवडत नाही, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी त्या कॅरॅव्हॅनमध्ये कळलं. तोवर कधी समोर बसून वाढलं होतं कुठे? इतकी सुखात मी त्याआधी कधीच नव्हते.

पण महिना संपला आणि दिवस काही गेले नाहीत. एअरपोर्टवर मी ॲग्नेसच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

पुढच्या वर्षी घरी मुलगी बघून झाली. सुपारी फुटायची तेवढी बाकी. हे तिकडे, मी इकडे. कुणाला सांगणार? शेवटी ॲग्नेसला पत्र टाकलं.

आणि एका दुपारी एसटीतून ॲग्नेस उतरली. सुट्टीवर आली होती. वसईहून आमच्या गावापर्यंत, विचारत विचारत.

चहा घेतला. मग सासूबाईंसमोर मांडी घालून बसली.

"मावशी, मी नर्स आहे. हिच्या लग्नाला पाच वर्षं झाली ना? त्यात तुमचा मुलगा घरी किती महिने होता?"

सासूबाई बोटं मोजायला लागल्या. दोन बोटांवर थांबल्या.

"आणि माझ्याकडचा एक. तीन महिन्यांत तुम्ही हिला वांझ ठरवलंत? उद्या दुसरी आणाल, तीही इथे तुमच्याच शेजारी बसेल. तो तिकडेच. मग तिलाही वांझ म्हणणार?"

माझे सासरे जन्मभर मुंबईच्या गिरणीत. सासूबाईंनीही असंच एकटीने काढलेलं.

संध्याकाळी त्यांनी मध्यस्थाला निरोप धाडला, "न्हाई करायचं. एक बसलीया तेवढी बास."

नंतर मला म्हणाल्या, "तू जा त्याच्याकडं."

मी गेले. फॅमिली व्हिसाला वेळ लागला, पण गेले. ऐंशीचं दशक दोह्यातच काढलं.

मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले. ॲग्नेसच्या मुलांचे डबे मात्र मी भरले. तिने कधी विषय काढला नाही, कधी कीव केली नाही. भेंडी केली की फक्त यांना चिडवायची.

आजही कुणी विचारतं, मुलं किती? नाहीत म्हणते, आणि मान खाली घालत नाही.

हे सकाळपासून ओट्यावर बसलेत. पंचाहत्तरीचा माणूस, पोरासारखा रडतोय. आत्ता म्हणाले, "बॅग भर."

ॲग्नेस, उद्या येतोय गो माती द्यायला. आम्ही दोघं.

तुझ्यामुळे दोघंच.