वहिनींचा जोडीदार

वहिनींच्या शेजारी बोटीत कुणी बसायचं नाही. बोट लहान, त्यात पाहुणे, हवेच्या टाक्या, पायात घालायच्या रबरी फिन्सच्या जाळीदार पिशव्या. पाय ठेवायलाही जागा नसायची. तरी डाव्या बाकावरची त्यांच्या बाजूची जागा मोकळीच. एखादा नवखा पाहुणा तिथे टेकलाच, तर वहिनी हसून, मान लववून, अगदी नम्र जपानीत त्याला उठवायच्या. "तिथे माणूस आहे," एवढंच सांगायच्या. पाहुणा बिचारा उठायचा आणि मग सगळा वेळ त्या जागेकडे बघत राहायचा.

ओकिनावातल्या एका छोट्या बेटावरच्या डायव्हिंग सेंटरमध्ये त्यांना सगळे, माझं ऐकून आणि जपानी आदराचं 'सान' जोडून, 'वहिनी-सान' म्हणायचे. शाचोंना, म्हणजे सेंटरच्या म्हाताऱ्या जपानी मालकांना, ते त्यांचं नावच वाटायचं. वहिनी मूळच्या सांगलीकडच्या, पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या. नवरा इंजिनिअर, त्याच्या नोकरीपायी त्या नागोयाला आल्या. त्याला समुद्राचं वेड. एका सुट्टीत तो इथल्याच प्रवाळाच्या कड्याशी पाण्यात उतरला आणि वर आला नाही. पुष्कळ शोधलं, पण काही म्हणजे काही सापडलं नाही. वहिनी त्या शोधासाठी म्हणून बेटावर आल्या, त्या राहिल्याच. आधी पाहुण्यांचे वेटसूट धुवायच्या, मग स्वतः डायव्हिंग शिकल्या, मग गाइड झाल्या. नागोयाला नोकरी करणारी त्यांची लेक दर रविवारी फोनवर विचारायची, "आई, कधी येतेस?" "येते गं, जरा थांब," हे वहिनींचं ठरलेलं उत्तर.

मी जपानमध्येच, निशी-कसाईला राहते; तिथून सुट्टी मिळेल तेव्हा बेटावर जायची. गेल्या गेल्या वहिनी माझ्या बॅगेवर तुटून पडायच्या. पोहे, गोडा मसाला, शेंगदाणे काढून घेऊन झाले की मग, "अगं, कशी आहेस?" एकदा म्हणाल्या, "शाचोंनी काल माझ्या कांदेपोह्यांवर सोया सॉस ओतला. माणूस देवासारखा आहे, म्हणून काही बोलले नाही."

पाण्यात कुणी एकट्याने उतरायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. प्रत्येकाला जोडीदार असतो. उडी मारण्याआधी त्याची टाकी उघडी आहे ना, पट्टे घट्ट आहेत ना, हे आपण बघायचं आणि आपलं त्याने. वहिनी ही तपासणी त्या रिकाम्या जागेची करायच्या. हवेतच पट्टा ओढायच्या, हवेतच टाकीची चावी फिरवून बघायच्या. नवख्यांना वाटायचं, त्या आपल्याला करून दाखवतायत. ते भक्तिभावाने बघत राहायचे. मला मात्र दिसायचं, की पट्टा ओढताना वहिनींचा हात मध्येच अडायचा. जिथे काहीच नाही, तिथे हात अडायला नको.

तशी मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. एकदा धीर करून सरळ विचारलं, "वहिनी, दादा खरंच दिसतात का हो तुम्हाला?"

त्या ओले वेटसूट वाळत घालत होत्या. "दिसत नाही गं. कधीच नाही दिसला. पण आहे, एवढं कळतं. आतल्या खोलीत कुणी असलं की न बघता कळतं ना, तसं. मी खाली बोटांचा गोल करून विचारते, ठीक आहेस ना? आणि थांबते." मग एक चिमटा लावत म्हणाल्या, "एकदा, एकदाच दिसू दे. मग जाते लेकीकडे."

गेल्या मे महिन्यात, गोल्डन वीकच्या सुट्टीत मी गेले, तेव्हा नुकतंच वादळ होऊन गेलं होतं आणि पाणी गढूळ होतं. भर दुपारी आम्ही दोघीच उतरलो. माझ्यापुढे पिवळे फिन्स संथपणे हलत होते आणि मी त्यांच्या मागे चालले होते. वहिनींच्या मागे जायची इतकी सवय, की त्यांचे फिन्स काळे आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. प्रवाळाजवळ बारीक कुरतडल्यासारखा आवाज सतत येत असतो. पोपटमासे खात असतात. तो आवाज थांबला. मासेही दिसेनात. खाली वाळू होती ती संपली आणि नुसती काळीनिळी खोली उरली. मी मागे पडले की ते फिन्स थांबायचे. मी जवळ गेले की पुन्हा चालू लागायचे.

तेवढ्यात कुणीतरी मागून माझा घोटा धरला. किंचाळणार होते, पण तोंडात हवेच्या नळीचा रेग्युलेटर. वळून पाहिलं, तर वहिनी. पुन्हा पुढे पाहिलं, तर कुणी नाही.

बोटीत आल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाच्या मागे चालली होतीस?"

"तुमच्याच की. पिवळे फिन्स..."

वहिनींनी वळून माझ्याकडे पाहिलं. "त्याचे पिवळे होते," त्या म्हणाल्या. मग टाकीचे पट्टे सोडत, "इतकी वर्षं मी वाट बघतेय आणि दिसला तुला." एखादी बाई सवतीला बोलेल तशा त्या मला बोलल्या. ते मला फार लागलं. पण लगेच त्यांचा चेहरा बदलला. "मागे पडलीस की थांबत होता?"

"हो."

"म्हणजे नेत होता तुला." आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं. माझी जायची हिंमत नव्हती, पण त्यांना एकटीला सोडायची त्याहून नव्हती. कड्याशी पोचल्यावर त्यांनी डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला आणि उजव्या हाताचा अंगठा वर केला. पाण्याखालच्या भाषेत त्याचा अर्थ, वर चल. मग तोच हात त्यांनी समोरच्या निळ्या काळोखात लांब केला. कुरतडण्याचा आवाज पुन्हा बंद पडला. पाणी एकदम गार झालं. त्यांचा हात हळूहळू ताठ झाला, खांद्यापासून ताणला गेला, आणि आम्ही दोघी इंच-इंच पुढे सरकायला लागलो. पाय कुणीच मारत नव्हतं. प्रवाहही नव्हता. मी एका खडकाला पाय रोवला आणि जिवाच्या आकांताने त्यांना धरून ठेवलं. शेवटी कुणाच्या तरी मुठीतून सोडवून घ्यावा, तसा वहिनींनी तो हात मागे ओढला.

त्याच आठवड्यात त्या बेट सोडून गेल्या. बंदरावर शाचो कमरेत वाकले, ते बोट दिसेनाशी होईपर्यंत सरळच झाले नाहीत. मीही पुन्हा त्या समुद्रात उतरलेले नाही. निशी-कसाईच्या जलतरण तलावात पोहायला जाते, तिथेही पुढे कुणाचे पाय दिसले की थांबते.

हिवाळ्यात नागोयाला त्यांच्या लेकीकडे गेले होते. वहिनी ओट्याशी भाकरी थापत होत्या, जरा वाळल्या होत्या. त्या दिवसाचा विषय मी काढणार नव्हते. त्यांनीच काढला.

"राग नाही गं त्याच्यावर. एकटा कंटाळला असेल. पण लोकांच्या लेकी न्यायला लागला, मग बायकोने तरी किती सांभाळून घ्यायचं?" त्यांनी भाकरी उलटली. "वर चल म्हटलं त्याला. किती वेळ म्हटलं. तो नाही आला." आणि तव्याकडे बघत, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "मी आले."