तेलाला पाय नसतात

पाण्याच्या ग्लासात तेलाचा थेंब टाकायचा, तो तरंगला की वर्गाकडे बघून भुवया उडवायच्या आणि म्हणायचं, "तेलाला पाय नसतेत, बाप्पा! नेणारा लागतो." सेनगावच्या आमच्या कॉलेजात जीवशास्त्राचे सर दरवर्षी हाच थेंब टाकत. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवायचो. माझी कविता त्यांच्या आवाजात बुडून जायची.

रक्तात चरबी एकटी फिरत नाही, प्रथिनं तिला वाहून नेतात, हे सांगताना सर हटकून आपल्या बंजारा तांड्यावर येत. "आमचे आजे बैलांवर मीठ लादून गावोगाव जायचे. ही प्रथिनं म्हंजे आमच्यातलीच!" पोरं हसत. सर त्यांच्याहून मोठ्यानं हसत.

नव्वदचं दशक सरता सरता त्यांची आई विसरायला लागली. नांदेडच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं. सरांनी मिळेल ते वाचलं. मेंदूतही चरबी वाहणारी प्रथिनं असतात, त्यातल्या एकाची घडण काही जणांत वेगळी असते आणि त्यांना या आजाराचा धोका जास्त असतो, एवढं त्यांना कळलं. तांड्यावरच्या लोकांना त्यांनी ते बैलांच्या भाषेत समजावलं. झालं! लोकांनी अर्थ काढला की म्हातारीच्या डोक्याला तूप पोचत नाही. दुसऱ्या दिवसापासून घरोघरचं तूप यायला लागलं.

"अरे, माल कमी न्हाई, नेणारा बिघडला," सर कपाळाला हात लावत. पण कुणाचं तूप परत केलं नाही. "मायेनं आणून राहिले. काहून नको म्हणू?"

त्यांना एकच हवं होतं. आईनं एकदा ओळखावं.

एका रविवारी मी सोबत तांड्यावर गेलो. म्हातारीनं सरांना निरखलं, आत जाऊन तुपाची बरणी आणली आणि तांड्याच्या बोलीत काही सांगितलं. सरांनी बरणी घेतली. परतताना जीपमध्ये बरणी मांडीवर धरून म्हणाले, "म्हनली, पाहुणं, सेनगावला जाता तं माझ्या पोराला एवढं द्या. शिकायला हाय तिथं, एकटा हाय."

आता सर नाहीत, त्यांची आईही नाही. मला मात्र पुढचा रविवार आठवतो. सरांनी घासूनपुसून बरणी तिच्या हातात दिली. तिनं काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, ते सर मला हळूच सांगत होते.

"पोचलं का?"

"पोचलं, याडी." त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

"बरा हाय का माझा पोरगा?"

"बरा हाय. लई आठवण काढतो तुझी."

म्हातारी खुलली. एवढ्या लांबून तूप पोचवून आलेल्या पाहुण्याला तिनं जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.