सासूबाईंची तेलाची वाटी

कोलार रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये भरदुपारी एक चोर शिरला. सासूबाईंच्या गळ्याला त्याने चाकू लावलेला मी पाहिला आणि उजव्या हाताने सरळ पातंच धरलं. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. विचार करायला वेळ मिळाला असता तर मी नुसती ओरडत बसले असते. आरडाओरडा ऐकून शेजारी धावले, तो पळाला, पुढे पकडलाही गेला. कॉलनीत मात्र "भाभीजी तो शेरनी हैं" सुरू झालं. शेरनीला स्वतःच्या ब्लाउजचे हुक लावता येत नव्हते, ते कोणाला दिसलं नाही.

तळव्यातल्या तुटलेल्या शिरा डॉक्टरांनी जोडल्या होत्या, पण बोटं वळत नव्हती. नवरा भल्या पहाटे मंडीदीपच्या कारखान्यात जाई. त्यामुळे माझी वेणी सासूबाईंकडे आली. तोवर आमचं दोघींचं बेताचंच जमायचं. त्या उज्जैनच्या, जिभेच्या तिखट. मीही काही कमी नाही. रोज सकाळी बाल्कनीत मी पाटावर, मागे खुर्चीवर त्या, शेजारी कोमट तेलाची वाटी. "हलू नको गं, भांग तिरपा जातो," एवढंच बोलणं.

समोरासमोर बसून त्या मनातलं कधीच बोलल्या नसत्या. पाठीमागून मात्र हळूहळू बोलू लागल्या. एकदा पेड घालता घालता म्हणाल्या, "दार मीच उघडलं ना. 'आरओ सर्विस, माताजी' म्हणाला. इतका सीधासाधा दिसत होता."

"मीही उघडलं असतं, आई."

त्यांनी वेणी इतकी करकचून ओढली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "चुपचाप बस," म्हणाल्या. पण चोर आल्यापासून त्या दाराची कडी सारखी चाचपायच्या, ते त्या दिवसापासून कमी झालं. आधी बेल वाजली की देवापाशी जाऊन बसायच्या. काही दिवसांनी दूधवाल्याला दार त्यांनीच उघडलं, वर दुधात पाणी घालतो म्हणून त्याला चांगलं सुनावलंही.

इकडे मी इरेला पेटले होते. रबरी चेंडू दाब, कणीक मळ, बरणीची झाकणं उघड. एका सकाळी लवकर उठून स्वतःची वेणी स्वतः घातली आणि ऐटीत स्वयंपाकघरात गेले. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या, संध्याकाळी मिठाईवाल्याकडून मावा-बाटी आणली. सासूबाईंच्या हातात तेलाची वाटी होती, नुकतीच कोमट केलेली. "छान झाली," म्हणाल्या. भांग चांगलाच तिरपा होता, त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशीही वाटी ओट्यावर दिसली, मग दिसेनाशी झाली. मी पुन्हा कामावर रुजू झाले, लोकांच्या कौतुकात रमले. घरात कडीचा खडखडाट पुन्हा सुरू झाला. मला वाटत होतं, बरं व्हायचंय ते मला. खरं तर त्या बाल्कनीत आम्ही दोघीही बऱ्या होत होतो, आणि त्यांचं अर्ध्यावर राहिलं. अजून थोडे दिवस माझी बोटं आखडलेली राहिली असती तर, असं वेड्यासारखं मनात येतं.

दिवसभर घरात एकटं राहणं त्यांना जमेना, म्हणून त्या धाकट्या मुलाकडे इंदूरला गेल्या. फोनवर दर वेळी विचारतात, "वेणी कोण घालतं?" परवा मी म्हणाले, "मीच घालते, पण भांग तिरपाच जातो. या ना, आई." त्या हसल्या. आता येते म्हणतील, असं वाटलं. तेवढ्यात आमची बेल वाजली.

"उघडू नको." त्यांचा आवाज एकदम बदलला. "उघडू नको गं."

"दूधवाला आहे, आई."

"सगळे असंच सांगतात."

मी दारापर्यंत गेले होते, तिथूनच परत फिरले. "नाही उघडत," म्हणाले. दूधवाला बेल वाजवून वाजवून निघून गेला.