दुसऱ्या बाजूवरचं नाव

बोरी अरबच्या विठ्ठलरावांना कोणी कंजूष म्हटलं, भांडकुदळ म्हटलं, तरी ते हसून सोडून द्यायचे. पण 'तुमच्या रेकॉर्डला खरोच आहे' असं म्हणायची गावात कोणाची टाप नव्हती. विठ्ठल साऊंडचे दोन भोंगे पंचक्रोशीतल्या लग्नांत वाजायचे. सुई बदलण्यात कंजुषी नाही, रेकॉर्ड पुसायला मलमलचंच फडकं. बायकोच्या अंगाला लागला नसेल एवढा मऊ कपडा त्या रेकॉर्डना लागायचा.

पंगत बसली की सिनेमाचं गाणं लावायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा दारव्ह्याकडच्या लग्नात, ऐन वरणभात वाढताना, बेवफाईचं गाणं लागलं आणि 'हा आम्हालाच टोमणा आहे' म्हणून वरपक्ष पानावरून उठला. त्या दिवसापासून पंगतीला बिनशब्दाची रेकॉर्ड. मुंबईच्या चार पोरांनी वाजवलेली, नुसत्या इलेक्ट्रिक गिटारची. काय ती तार थरथरायची! मागून ढोल धावत यायचा आणि वाढपी त्या ठेक्यावर बुंदीच्या बादल्या घेऊन पळायचे. शब्दच नाहीत, तर व्याही रुसणार कशावर?

मग कापसाचे दिवस फिरले. दरसाल अळी, दरसाल पडलेला भाव. लग्नं देवळात उरकायला लागली आणि ज्याच्या हाती चार पैसे उरले त्यानं यवतमाळहून डीजे आणला. विठ्ठलरावांचे भोंगे छपरीत गेले. एकात तर कोंबडी अंडी घालायला लागली.

अशात सलीलचा फोन आला. सलील मूळ यवतमाळचा, वकिलाचा मुलगा, आता पुण्याला. गिटारच्या विस्मृतीत गेलेल्या जुन्या रेकॉर्डी शोधून, साफ करून, पुन्हा काळ्या तबकडीवर छापणाऱ्या एका कंपनीत तो काम करायचा. लहानपणी मामाच्या लग्नात, बोरीलाच, त्यानं ते गिटार ऐकलं होतं. तो म्हणाला, "काका, अमेरिकेत पोरं फळीवर उभी राहून समुद्राच्या लाटांवर खेळायची, त्या खेळाचं हे संगीत. आपल्याकडे या एकाच बँडनं ते वाजवलं. मूळ टेप गेल्या. पहिली बाजू आम्हाला मिळाली, दुसरी कुठेच नाही. तुमची रेकॉर्ड चांगली आहे का?"

"चांगली म्हंजे?" विठ्ठलराव गरजले. "साधी खरोच नाही तिले. या तुमी."

समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचं पाणी म्हणजे अडाण नदी, तीही उन्हाळ्यात आटणारी. पण आपण लाटांचं संगीत वाजवत होतो, या विचारानं ते गावभर छाती काढून फिरले.

सलील आला. ओट्यावर खाट टाकली, विठ्ठलरावांची बायको विमलताई चहा ठेवायला आत गेल्या. विठ्ठलरावांनी मलमलच्या फडक्यातून रेकॉर्ड काढली, पहिली बाजू दाखवली. आरशासारखी! सलीलनं ती हळूच उलटली, उन्हात तिरपी धरली आणि त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या बाजूवर, ऐन रेघांवर, ताटावाटीवर कोरतात तसं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं : विठ्ठल साऊंड, बोरी अरब.

 विठ्ठलराव हे साफ विसरले होते. ही बाजू पंगतीला कधी लावलीच नव्हती. पण आता सगळं डोळ्यांपुढे आलं. उसनी नेलेली एक रेकॉर्ड दुसऱ्या मंडपवाल्यानं मधला कागद बदलून स्वतःची म्हणून ठेवून घेतली होती. त्या रागात ते बाजारात भांड्यांवर नाव टाकणाऱ्याकडे गेले. विमलताई तिथेच माहेरचे गंज, पातेली घेऊन बसल्या होत्या. "कागदावरचं नाव कोणी बी खरडते. काळ्यावर टाक," असं विठ्ठलरावांनी फर्मावलं. त्या घाबरून म्हणाल्या, "अहो, तिथं तं गाणं असते ना?" त्यावर हे चारचौघांत काय म्हणाले होते? "तुले गंजातलं समजते. गाण्यातलं मले समजते." बाजार हसला होता.

"हे कोणी केलं?" सलीलनं विचारलं. रागानं नाही, हळहळून.

नेमक्या तेव्हाच विमलताई चहा घेऊन बाहेर आल्या आणि विचार करायच्या आधीच विठ्ठलरावांची जीभ धावली. "हे हिचं काम. भांड्यायवर नाव टाकाले गेलती, त्याच्यात हे बी देऊन आली. बायकायले काय समजते गाण्यातलं?"

विमलताईंनी कप खाली ठेवले. नवऱ्याकडे एकदा पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या, "चुकलं माह्यं." आणि साखर कमी आहे का, असं पाहुण्याला विचारलं.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.  बायकोनं पाण्याचा गडू समोर ठेवला तरी विठ्ठलरावांना लाज वाटायची. 'आज सांगू' म्हणत ते सकाळी उठायचे आणि तिच्यासमोर आले की अंगणातल्या कोंबडीवर ओरडायचे.

सलील रेकॉर्ड घेऊन गेला होता. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. आवाज बराच साफ झाला होता, थोडी टकटक राहिली होती, ती तशीच ठेवणार होते. "वेष्टनावर तुमची हकीकत छापतोय. काकूंनी भांड्यांसोबत रेकॉर्डवरही नाव टाकून आणलं, सगळ्यांना फार आवडलं ते. चालेल ना?"

आतून पोळपाटाचा आवाज येत होता. खरं बोलायला एवढी चांगली वेळ पुन्हा यायची नव्हती. विठ्ठलराव म्हणाले, "चालते."

नवी तबकडी घरी आली, जाड, मोठी, वेष्टनावर लाटेचं चित्र. मागे इंग्रजी मजकूर. "काय लिवलं हाये?" विमलताईंनी विचारलं. "आपले आभार मानले," ते म्हणाले, आणि तबकडी कपाटात, वरच्या फळीवर, गोधड्यांमागे गेली.

पण दिवाळीला वणीच्या सासरहून मुलगी आली. दिपाली शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं गोधडी काढताना वेष्टन काढलं, वाचलं आणि जेवायला बसलेल्या बापासमोर हसत हसत मराठीत सांगितलं. "आई, तू रेकॉर्डवर नाव टाकून आणलं? अवं, तो काय डबा होता? आता साऱ्या दुनियेले मालूम झालं!"

विमलताई भाकर थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो वं. मीच नेली होती. अडाणी बाई मी."

विठ्ठलरावांचा हात ताटातच थांबला.  पाहुण्यासमोर खोटं बोललो ते निस्तरलं असतं एक वेळ. पण पोटच्या पोरीसमोर ती आपणहून अडाणी झाली, कोणी मागितलं नसताना.

"नाही," ते म्हणाले.  "ते नाव म्या टाकलं होतं. हे नको म्हणत होती. म्या सलीलले खोटं सांगतलं."

 दिपालीचे डोळे भरून आले. "बाबा," ती म्हणाली, "आईसाठी इतका आळ अंगावर घेता? आमच्या घरी नाही बाप्पा असं कोणी करत." आणि आईकडे वळली. "नशीबवान हायेस तू, आई."

"खरं सांगून राह्यलो मी!" विठ्ठलराव ओरडले. "इचार तुह्या मायले!"

दिपाली हसली. तिनं विचारलं नाही. विमलताईंनीही काही सांगितलं नाही. तव्यावरची भाकर काढून त्यांनी नवऱ्याच्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, "जेवा आता. थंडी होते."