वॉल्टरभाऊंचा बिस्किटांचा डबा

हातात सोऱ्या, कढईत पहिली चकली नुकतीच सोडलेली, आणि सून दारातूनच म्हणाली, "आई, गॅस बंद करा. वॉल्टरकाका गेले... पहाटे, झोपेतच." मी म्हटलं, "काहीतरीच काय! परवा तर फोन आला होता त्यांचा." तीन आठवडे झाले, मी अजून तेच म्हणते आहे.

दोन हजार चारला मी लेकाकडे अमेरिकेत फ्रीमाँटला आले, तेव्हापासून आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. दिसायला साधा म्हातारा, पण त्यांच्या समुद्रावरच्या कादंबऱ्या इथल्या मुलांना शाळेत वाचायला असतात, हे मला सुनेनं सांगितलं. पण लिहिलं मात्र सगळंच: देवमासे मारणारे खलाशी, बर्फात सोनं शोधणारे, मंगळावरची माणसं, झालंच तर एका मांजरीचं आत्मचरित्र. आणि तरुणपणी पोटासाठी बाईच्या नावानं लिहिलेल्या प्रेमकथा! मी सातवी पास, इंग्रजी टीव्हीवरून शिकलेली. त्यांचं एक पुस्तक कसंबसं वाचलं आणि एकदा भीतभीत विचारलं, "तुमचा हिरो चार दिवस पळतोय, पण जेवला कधी?" इतके हसले, की ठसका लागला. "बॉस," म्हणाले, "चाळीस पुस्तकं लिहिली, हे कुणी विचारलं नाही." तेव्हापासून मी बॉस.

मग नव्या कादंबरीचं एकेक प्रकरण, टाइपरायटरवर ठोकलेलं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून माझ्याकडे येऊ लागलं. मी बोलायची, ते लाल पेन्सिलीनं समासात खुणा करायचे. आणि डबा रिकामा कसा परत करायचा? कधी लाडू, कधी चिवडा. "प्रकरण फसलं की लाडू जास्त येतात, बॉस," असं चिडवायचे.

शेवटच्या प्रकरणात त्यांचा खलाशी अकरा वर्षांनी घरी येतो, दार वाजवतो... आणि मजकूर तिथेच थांबतो. "बायको दार उघडेल का, ते तुम्ही सांगा," म्हणाले. मला उत्तर त्याच दिवशी सुचलं होतं. पण त्यांना चकली फार आवडायची, आणि भाजणी पुण्याहून कुणाच्या तरी सामानातून यायची होती. चार पावलांवर घर, आणि मी पंधरा दिवस थांबले! ते गेले त्याच्या दोन दिवस आधी त्यांनी फोन केला, "बॉस, उघडलं का दार?" मी म्हटलं, "चकल्या होऊ देत, मग सांगते." अहो, एक वाक्य बोलायला काय झालं होतं मला?

त्यांची लेक प्रकरण न्यायला आली. ती एकच प्रत होती. मी डबा दिला, आत पानं आणि वर चकल्या. सांगितलं तिला, "दार उघडेल ती. पण बोलणार नाही. आधी पाणी देईल, मग ताट वाढेल, आणि तो जेवेपर्यंत पाठ फिरवून उभी राहील." ती ऐकता ऐकता दारातच रडायला लागली.

काल ती डबा परत देऊन गेली. म्हणाली, "रिकामा द्यायचा नाही, असं डॅडनी बजावलं होतं." उघडला, तर आत ते शेवटचं पान, खालचं अर्धं कोरं... आणि त्यांची लाल पेन्सिल. नुकतंच टोक काढलेली.