नाकाचा ग्लास

आक्काला मी कधी घाईत पाहिलं नाही आणि कधी रिकामी बसलेलीही पाहिली नाही. प्रवासी जहाजाच्या पोटात, भांड्यांच्या खोलीत, आम्ही शेजारी उभे राहायचो. माझ्याकडे पातेली, तिच्याकडे काच. पातेल्याला जोर लागतो. काचेला जोर लावला की काम संपलं.

काच यायची वरच्या खास हॉटेलातून. तिथं वाइनचं जेवण असे. प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन आणि प्रत्येक वाइनला वेगळा ग्लास. माणूस एक जेवायचा आणि ग्लास मात्र ढीगभर खाली यायचे. मशीनमधून निघालेला ग्लास धुतलेला असतो, पण तो टेबलावर ठेवण्यासारखा नसतो. आक्का तो उलटा वाफेवर धरायची. मग दोन फडकी. एकात ग्लासाचं बूड, दुसऱ्यात पोट, आणि दोन्ही हात एकाच दिशेला. बूड एकीकडं आणि पोट दुसरीकडं फिरलं की मधली दांडी तुटते आणि तळहातात घुसते. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात हीच चूक करतो. आक्काचे तळहात स्वच्छ होते. मी माणसाचं काम त्याच्या हातावरून ओळखतो, म्हणून हे लिहिलं.

तिला आक्का म्हणायचा तिचा धाकटा भाऊ, म्हणून आम्हीही म्हणायचो. मी तर तिच्या बापाच्या वयाचा. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं, आणि जहाजावर तिनंच चिकटवलं होतं. तो वर त्याच हॉटेलात वाइन ओतायचा. गोड मुलगा. फार गोड. त्याला कुणी चिमटा काढला तर हाच विचारायचा, तुमचं बोट दुखलं का.

त्याच्या वरचा साहेब म्हणजे वाइनचा मुख्य माणूस. त्याला सगळे ‘नाक’ म्हणायचे. लोक टोपणनाव लपवतात, हा मिरवायचा. पहिली बाटली टेबलावर आली की तो स्वतःच्या मोठ्या ग्लासात घोटभर घ्यायचा, फिरवायचा, हुंगायचा आणि डोळे मिटून सांगायचा: पांढरी फुलं, पिकलेलं पेअर, ओला दगड. मग न पिता तोच ग्लास टेबलावर सगळ्यांकडे फिरवायचा, की तुम्हीही हुंगा. पाहुण्यांना त्यात मोठा मान वाटे.

“ओल्या दगडाला वास कुठून आला?” मी एकदा विचारलं.

“तुमच्या पातेल्यातून, काका,” आक्का म्हणाली.

खरी गोष्ट अशी होती की नाकाचं नाक गेलं होतं. एका तापानंतर त्याला वास यायचा बंद झाला. एकदा वरच्या लहान किचनमध्ये दूध करपलं, सगळे धावले, हा शेजारी उभा राहून टाय नीट करत होता. तेव्हा आक्काच्या भावाला कळलं. त्यानं बोभाटा केला नाही. उलट मदत केली. काही बाटल्यांचं बूच खराब असतं, मग वाइनला ओल्या गोणपाटासारखा वास लागतो. अशी बाटली पाहुण्यापुढे जाणं म्हणजे नाचक्की. म्हणून हा पोरगा जेवणाआधी सगळ्या बाटल्या उघडून हुंगून ठेवायचा. चांगल्या बाटलीचं लेबल समोर, खराब बाटलीचं भिंतीकडे. नाक बघायचा आणि उचलायचा. दोघांत ठरलेलं, तिसऱ्याला ठाऊक नाही.

एके दिवशी हॉटेल मॅनेजर तपासणीला येणार होता. नाकानं सगळी रांग नीटनेटकी केली. सगळी लेबलं समोर. काय करून बसलो ते त्याच्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी गोणपाट टेबलावर गेलं. पाहुण्यानं तोंड वाकडं केलं, मॅनेजर आला आणि नाकानं शांतपणे आक्काच्या भावाकडे बोट केलं. “बाटल्या हाच तपासतो. लक्ष नसतं त्याचं.”

पोराला पुढच्या बंदरावर उतरवलं. नावापुढे ‘बेफिकीर’ असा शेरा. तो शेरा असला की दुसरं जहाज उभं करत नाही. उतरताना त्यानं आक्काला खरं काय ते सांगितलं, आणि वर म्हणाला, “कुणाला बोलू नकोस. त्यांची नोकरी जाईल.”

आक्का आधी सरळ नाकाकडे गेली. मी पातेलं घेऊन मागेच होतो, म्हणून ऐकलं.

“साहेब, मॅनेजरना एवढंच सांगा की लेबलं तुम्ही फिरवली. बाकी मी काही बोलत नाही.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर मी सांगेन, तुम्हाला वास येत नाही म्हणून.”

तो हसला. “सांग. एकीकडं भांडी पुसणारीचं तोंड, दुसरीकडं माझं नाक. लोक कशावर विश्वास ठेवतील?”

ती खाली आली. फडकी बदलली. ग्लास पुसायला लागली. तिचा हात नेहमीसारखाच फिरत होता, म्हणून मला भीती वाटली. रागावलेल्या माणसाचा हात चुकतो. जो चुकत नाही त्यानं काहीतरी ठरवलेलं असतं.

पुढची बरीच जेवणं तिनं जाऊ दिली. मग कळलं की हॉटेल मॅनेजर स्वतः काही बड्या पाहुण्यांना घेऊन बसणार आहे. त्या दिवशी दुपारी ती म्हणाली, “काका, स्वयंपाकघरातून लसणाची एक पाकळी आणा.”

“सर्दी झाली?”

“मला नाही.”

मी आणली. जास्त विचारलं नाही.

पाहुण्यांचे ग्लास तिनं असे पुसले की मी तसे पुन्हा पाहिले नाहीत. दिव्याखाली धरून एकेक बघितला. तिच्या कामाला कुणी नाव ठेवायला नको होतं. मग शेवटी नाकाचा मोठा ग्लास घेतला. पाकळी कापली, आतून नीट चोळली, तळापासून काठापर्यंत. वाळू दिली. बाहेरून पुसून लखलखीत केली काच. ट्रॉलीवर त्याच्या जागी ठेवला आणि हात धुतले.

पुढचं आम्हाला वाढप्यानं सांगितलं. तो ताटं घेऊन खाली यायचा, एक तुकडा सांगायचा आणि परत वर पळायचा.

नाकानं घोटभर ओतलं, फिरवलं, हुंगलं. डोळे मिटून फुलं म्हणाला, पेअर म्हणाला, दगड म्हणाला. ग्लास पहिल्या बाईंकडे गेला. बाईंनी मान मागे घेतली, पण सभ्य होत्या, पुढे दिला. त्यांच्या नवऱ्याला खोकला आला. तिसऱ्यानं विचारलं, “हे पेअर नक्की कुठल्या झाडाचं?” टेबल हसलं.

आता नाकाला कळलं की काहीतरी बिघडलंय. काय, ते कळायचा रस्ता नव्हता. त्याला एकच बिघाड ठाऊक होता. त्यानं खांदे ताठ केले. “माफ करा, बूच खराब निघालं. माझ्या लक्षात आलंच होतं, तुम्ही ओळखता का ते बघत होतो.” दुसरी बाटली उघडायला लावली. आणि ओतली त्याच ग्लासात. हुंगून म्हणाला, “हां. आता कसं स्वच्छ!”

ग्लास पुन्हा फिरला. या वेळी कुणी हसलं नाही. शेवटी तो हॉटेल मॅनेजरच्या हातात आला. त्यानं हुंगला, खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, “कसला वास येतोय तुम्हाला?”

नाकानं टाय नीट केला.

मॅनेजरनं ग्लास उचलून वाढप्याकडे दिला आणि जेवण पुढे चालू ठेवायला सांगितलं. नाकाला मात्र आत जायला सांगितलं. तिथं एका ग्लासात पाणी, एकात व्हिनेगर, डोळे बांधून हुंगायला लावलं. त्याला फरक सांगता आला नाही.

दुसऱ्या दिवशी आक्काला बोलावलं. ग्लास कुणी पुसला, हा प्रश्न येणारच होता.

“मीच. लसूण चोळला,” ती म्हणाली. आणि लेबलांची सगळी गोष्ट सांगितली.

“आधी येऊन का नाही सांगितलंस?”

“तुम्ही ऐकलं असतं?”

मॅनेजर प्रामाणिक होता. “नसतं,” म्हणाला. भावाचा शेरा काढला. आक्काला काचेवरून काढून खलाशांच्या स्वयंपाकघरातून आमच्याकडे येणाऱ्या करपलेल्या तव्यांवर टाकलं, करार संपेपर्यंत. पहिल्याच दिवशी तिच्या तव्यात तोंड दिसत होतं. मी शिकवलं नव्हतं, शपथ.

नाकाला पुढच्या बंदरावर उतरायचं होतं. सकाळी बॅग घेऊन तो आमच्याकडे खाली आला. टाय नव्हता. दारातच उभा राहिला.

“एवढंच सांग,” तो म्हणाला, “काय होतं त्या ग्लासात? वर कुणी सांगत नाही. विचारलं की तोंड फिरवून हसतात.”

आक्का तवा घासत राहिली.

“मी रात्रभर विचार करतोय. रॉकेल? मासळी? काय?”

“माझ्या भावाला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “त्याला फोन करा. आधी माफी मागा. मग तो सांगायचं की नाही ते ठरवेल. पण मी त्याला सांगून ठेवलंय, सांगू नकोस म्हणून.”

तो बॅग उचलून गेला. मला त्याची थोडी कीव आली. तसं मी आक्काला म्हणालो.

“तुम्ही पातेली घासा, काका.”

तिला काय हवं होतं ते मला तेव्हा समजलं. नोकरी गेली की माणसाला दुसरी मिळते. पण आपण भर टेबलावर डोळे मिटून नेमकं कशाला फुलं म्हणालो, हे त्याला आयुष्यभर कळू नये. दर वेळी जेवायला बसला की त्याला ते आठवावं. एवढी मेहनत तिनं त्यासाठी केली होती.

त्यानं फोन केला. महिनाभरानं केला, पण केला. रडला म्हणे. आणि आमच्या गोड पोरानं पहिल्याच माफीला सांगून टाकलं, “लसूण होता, साहेब. तब्येत कशी आहे?”

हे आक्काला कळलं तेव्हा तिच्या हातात तवा होता. तो तिनं खाली ठेवला, आपटला नाही. भाऊ तोवर दुसऱ्या जहाजावर लागला होता, तिच्यामुळेच. त्याचे फोन यायचे, ती घ्यायची नाही. मी मध्ये पडलो. म्हणालो, “अगं, लहान आहे, चुकला.”

“लहान नाही. भोळसट आहे,” ती म्हणाली. “माझं काम होतं ते, काका. पुरं झालेलं काम होतं. त्यानं त्यावर बोट उमटवलं.”

पुढच्या वर्षापर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. लोकांना ते जास्त वाटलं. मला नाही वाटलं.