बांगड्यांच्या वासाची बाबागाडी

आयुष्यात हट्टाने मागून घेतलेल्या गोष्टी कोणत्या, असं किशोरीला कुणी विचारलं तर ती दोन सांगेल. एक नितेश आणि दुसरी ती बाबागाडी. दोघांनीही तिला दमवायचं काही बाकी ठेवलं नाही.

ती खारेपाटणकडच्या शेतकऱ्याची मुलगी. घरी भात, थोडे काजू, अंगणात हापूसची दोन कलमं. तारकर्लीच्या एका लॉजवर कामाला आली आणि तिथे मासळी पोचवायला येणाऱ्या नितेशच्या प्रेमात पडली. दर्यावरच्या घरात मुलगी गेली म्हणून माहेरच्यांनी वर्षभर तोंड फिरवलं. मग कौस्तुभ झाला आणि सगळ्यांची तोंडं जागेवर आली. कौस्तुभचा खुबा मात्र जागेवर नव्हता. बरोबरीची पोरं वाळूत धावायला लागली तरी हा उभा राहीना, राहिला तर एका बाजूला कलायचा. सासू गोदूबाई म्हणायची, "जड अंगाचो आसा, चलात सावकाश." सावकाश म्हणता म्हणता गोव्याला जाऊन ऑपरेशन करायची पाळी आली. तेव्हापासून पोर कमरेपासून घोट्यांपर्यंत प्लॅस्टरमध्ये. दोन्ही पाय फाकलेले आणि मध्ये आडवी पट्टी, ते हलू नयेत म्हणून.

असं पोर कडेवर बसत नाही. खांद्यावर घ्यावं तर पट्टी गळ्याला लागते. मांडीवर घ्यावं तर दोन बायकांच्या मांड्या लागतात. लॉजवर पुण्याचं एक कुटुंब आपली जुनी बाबागाडी टाकून गेलं होतं. मालकीण ती भंगारवाल्याला देत होती, तेवढ्यात किशोरीने ती मागून घेतली. त्या पुण्याच्या बाया पायाने एक टिचकी मारून गाडी मिटवत आणि काखोटीला मारून चालू लागत, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. गाडी आली की आपलंही सगळं सोपं होईल, असं तिला वाटलं. पण तिच्या घरी येऊन पडवीत महिनाभर खारा वारा खाल्ल्यावर गाडीची ती खिट्टी अशी गंजली, की पायाने मारा नाहीतर वरवंट्याने, मिटायचं नाव नाही.

त्या दिवशी कुडाळला जायचं होतं. हाडांचे डॉक्टर कोल्हापूरहून महिन्यातून एकदा यायचे, दुपारपर्यंत बसायचे आणि निघून जायचे. गेल्या खेपेला ते म्हणाले होते, "पुढच्या वेळी बहुतेक काढू प्लॅस्टर." यातलं 'बहुतेक' किशोरीने दवाखान्यातच ठेवलं आणि बाकीचं घरी आणलं. पोर वाढत होतं, प्लॅस्टर थोडंच वाढणार! कमरेशी कातडी सोलवटली होती. झोपेतही तो तिथे बोटं घालून खाजवायचा, खाजवता येईना की रडायचा. आज ते निघणार, या एका गोष्टीवर तिने महिना काढला होता. आज डॉक्टर चुकले तर आणखी महिना जाणार, आणि तो काढायची ताकद तिच्यात नव्हती. नितेश ट्रॉलरवर होता. म्हणजे जायचं तिला एकटीलाच.

तिने उजाडता उजाडता पेज उकळली, पोराला पुसून काढलं, फाइल पिशवीत घातली आणि पडवीत आली, तर गाडी गायब.

किनाऱ्यावर रापण लागली होती. रापण म्हणजे काठावरून ओढायचं लांबलचक जाळं. त्याच्या दोरीला जो हात लावील त्याला वाटा, हा इथला जुना कायदा. त्या सकाळी जाळं बांगड्यांनी असं फुगलं होतं, की वाडीत चूल पेटवायला माणूस उरलं नाही. आणि वाटा मिळाला की ऊन चढायच्या आत तो उचलायला हवा, मग ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं.

गोदूबाईच्या हाताला बाबागाडी लागली.

माडांमधून ती गाडी ढकलत आली तेव्हा पोराच्या जागी बांगड्यांचा ढीग होता, आणि ओझ्याने पुढचं एक चाक वाकडं झालं होतं. किशोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आये, ती माज्या झिलाची गाडी!"

"मगे? बांगडे झिलाच्याच घरात इले मां?" गोदूबाई धापा टाकत म्हणाली. "लोकांनी हातगाडये हाडल्यानी, घमेली हाडल्यानी. मी काय पदरात भरून हाडू? रागाव नुको गो बाय. बालदीभर पाणी ओतला की साफ."

तिने एक नाही, तीन बालद्या ओतल्या. तिला वाटलं आपण उपकारच करतोय. गाडी आता ओलीही झाली आणि वासही गेला नाही. गोदूबाईला बरोबर येता येईना, कारण मासळी कुणासाठी थांबत नाही, ती मालवणच्या बाजारात न्यायलाच हवी. भांडायला वेळ नव्हता आणि भांडून चाक सरळ होणार नव्हतं. किशोरीने ओल्या बैठकीवर प्लॅस्टिकची गोण टाकली, वर आपली जुनी साडी घडी करून घातली, पोराला ठेवलं आणि निघाली.

वाळूत बाबागाडी चालत नाही, ती ओढावी लागते. रस्त्याला लागल्यावर कळलं की ही गाडी आता सरळही चालत नाही, डावीकडे पळते. मालवणपर्यंतच्या बसमध्ये ओळखीचा ड्रायव्हर होता, त्याने खाली उतरून हात दिला. खरी गंमत पुढे, मालवणच्या स्टँडवर.

एसटीच्या पायऱ्या कुणी आखल्या देव जाणे, पण ज्याने आखल्या त्याला पोर नसावं. कुडाळची बस लागली आणि माणसं दाराला लोंबकळली. कुणी खिडकीतून रुमाल टाकतंय, कुणी पिशवी, कुणी टोपी. किशोरी गर्दीच्या कडेला उभी. गाडी वर चढवावी तर पोर खाली एकटं. पोर वर ठेवावं तर गाडी खाली, आणि असं प्लॅस्टरचं पोर धक्क्यात ठेवायचं कुणाच्या भरवशावर? तिने दोनदा गाडीसकट पोर उचलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा पट्टी दाराला अडली आणि कौस्तुभने टाहो फोडला.

"ताई, ती मिटवा आधी," कंडक्टर म्हणाला.

"मिटणा नाय ती."

"मग कशी घेऊ? माणसं कुठे उभी राहणार?" त्याचंही खोटं नव्हतं. त्याने डबल बेल मारली आणि बस गेली.

किशोरीला रडू आलं नाही, राग आला. नितेशचा, सासूचा, बांगड्यांचा, त्या पुण्याच्या बायांचा. मग राग ओसरला आणि नुसती भीती उरली. आजूबाजूला माणसं वडापाव खात होती, मोबाइल बघत होती. कुणी वाईट नव्हतं, पण कुणाकडेच दोन हात रिकामे नव्हते. कौस्तुभ मात्र रडणं विसरून समोरच्या मांजराकडे बघत होता. मांजर गाडीच्या चाकाला अंग घासत होतं. वास बांगड्यांचा, मग का नाही घासणार!

पुढच्या बसला शेवंती होती. ही चिंदरकडची मासळी विकणारी, किशोरी तिला फक्त चेहऱ्याने ओळखायची. सकाळचा माल विकून रिकामी पाटी घेऊन ती कुडाळच्या बहिणीकडे निघाली होती. तिने एकदा पोराकडे पाहिलं, एकदा गाडीकडे आणि नाक वर करून वास घेतला.

"अगो, ह्या गाडयेत काय बांगडे घातलंस?"

"सासूने."

शेवंती एवढी हसली की तिचा पदर पडला. मग तिने पाटी काखेत मारली आणि हुकूमच सोडला, "तू पोराक घे. गाडी माज्याकडे दी. आणि पुढे बघ, मागे बघू नुको."

शेवंतीने कोपराने वाट केली, ही कोपरं रोज तेच काम करतात. दारातच ह्या बसचा कंडक्टर नाक मुरडून म्हणाला, "मासळी मागे घ्या, मागे!"

"मासळी नाय ओ, पोरगो आसा! वासार जाव नुको," शेवंती म्हणाली आणि अख्खी बस हसली. किशोरीही हसली, पण तिचे कान लाल झाले. शेवटच्या बाकावर दोघींनी मिळून मांड्यांवर कौस्तुभला आडवा घेतला. धामापूरच्या वळणांवर बस कलली की बाबागाडी पळायची आणि शेवंती ती पायाने अडवून धरायची. प्लॅस्टरच्या खालच्या बाजूला किशोरीचा हात गेला तेव्हा ते गार आणि मऊ लागलं. गोण सरकली होती आणि ओल आत शिरली होती.

कुडाळला उतरल्यावर शेवंती तिच्या वाटेने गेली. रिक्षावाल्याने गाडीकडे पाहून मान हलवली, बांधायला दोरी नव्हती. मग किशोरी चालत सुटली. गटार डावीकडे आणि गाडीची ओढही डावीकडेच. उजवा हात दांड्यावर दाबून, घामाघूम होऊन ती दवाखान्यात पोचली तेव्हा बाकडी रिकामी झाली होती आणि डॉक्टरांची बॅग टेबलावर भरलेली होती.

"डॉक्टर, तारकर्लीसून आलो आम्ही," ती म्हणाली. दवाखान्यात शिरलं की तिची भाषा बदलायची, आज ती पुरती बदलायला वेळ मिळाला नाही.

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. प्लॅस्टरला हात लावला, बोटं नाकाशी नेली. "ओलं झालंय हे. आणि हा वास कसला?"

"बांगड्यांचा," किशोरी म्हणाली. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "सासूबाईंनी गाडीत बांगडे आणले."

नर्सने तोंड दुसरीकडे वळवलं. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत, आणि तिला तेच जड गेलं. त्यांनी प्लॅस्टर कापायचं यंत्र घेतलं. ते घरघरू लागलं तसा कौस्तुभ जीव खाऊन रडला. किशोरीने त्याचं डोकं छातीशी दाबून धरलं आणि त्याच्या कानात म्हणत राहिली, "झाला रे, झाला माज्या सोन्या, आता संपला." खरंच संपलं असं तिला वाटत होतं.

मग फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला.

"खुबा जागेवर आहे. पण अजून नीट धरलेला नाही. आणखी सहा आठवडे ठेवावं लागेल."

"पण तुम्ही म्हणालात—"

"हो. बहुतेक म्हणालो होतो."

यावर भांडता आलं असतं तर ती भांडली असती. बस, चाक, पायऱ्या, सगळ्यांशी ती सकाळपासून भांडत होती. पण त्या काळ्या फिल्ममधल्या पांढऱ्या हाडाशी कसं भांडायचं, ते तिला येत नव्हतं.

"नवीन घालायच्या आधी पाय धुऊ का त्याचे?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग नर्सकडे. नर्सने कोमट पाण्याचं भांडं आणलं.

पोर अंगाने भरलं होतं आणि पाय मात्र काटकुळे, कातडीची सालं निघालेली, गुडघे तेवढे मोठे. तिने पदराचं टोक भिजवून एकेक बोट पुसलं, बोटांमधली जागा पुसली, सोलवटलेल्या कमरेवर नुसतं पाणी सोडलं. कौस्तुभचं रडणं थांबलं. त्याने खाली वाकून आपला गुडघा पाहिला, त्यावर बोट ठेवलं आणि आईकडे बघितलं, हा कुणाचा, अशा नजरेने.

"तुजोच रे," ती म्हणाली.

मग त्याने हळूच एक पाय उडवला. पाणी तिच्या तोंडावर आलं. त्याला ते आवडलं, त्याने पुन्हा उडवला आणि खदखदून हसला. कितीतरी दिवसांत तो असा हसला नव्हता. डॉक्टर नव्या प्लॅस्टरचं बँडेज भिजवून तयार होते.

"बाई, पाय कोरडे करा. आणि तुम्हीच धरा, तुमच्या हातात तो शांत राहील. असे, फाकवून. अजून जरा. हलू देऊ नका."

किशोरीने ते दोन्ही पाय घट्ट धरले. तो हसत हसतच ते सोडवायला बघत होता, आणि तिने सोडले नाहीत.